वाचनात

आमच्या गावच्या वाचनालयातून चौतीस वर्षांत एकही पुस्तक हरवलेलं नाही, असं चंदनाक्का मला म्हणाल्या तेव्हा मी नुसता हसलो. आठवड्यानं त्या तेच पुन्हा म्हणाल्या तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं, कारण मधल्या आठवड्यात मी स्वतः कपाटं मोजली होती. नोंदवहीत पुस्तकं सहा हजार एकशे चाळीस आणि कपाटात पाच हजार नऊशे सत्तावीस. दोनशे तेरा पुस्तकं जागेवर नव्हती.

"मग ही दोनशे तेरा कुठं गेली, अक्का?"

"कुठं जात्यात? वाचनात हायत."

त्यांनी देवघेवीची वही माझ्यापुढं सरकवली. कुणी कधी कुठलं पुस्तक नेलं, ते त्यात लिहिलेलं. परत आलं की 'जमा' असा शेरा. आणि जे आलं नाही त्याच्यापुढं सुबक अक्षरात एकच शब्द, 'वाचनात'. काही शेऱ्यांची शाई पार तांबूस झाली होती. वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षं लोक एकच पुस्तक वाचत बसले होते.

चंदनाक्का म्हणजे चंदनबाला मगदूम, आमच्या ग्रंथपाल. आमचं गाव मिरजेच्या पुढं, नदीकाठी. निम्मी वस्ती जैन शेतकऱ्यांची आणि निम्मी आमच्यासारख्यांची, म्हणजे थोडा ऊस आणि घरटी एक माणूस लष्करात. अक्का एकोणनव्वद साली लग्न होऊन गावात आल्या आणि त्याच वर्षी वाचनालयात लागल्या. तेव्हापासून सोसायटीशेजारच्या त्या दोन खोल्या त्यांच्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून वाचनालय साडेपाचला बंद, मग तिथं तहसीलदार बसलेला असला तरी. पुस्तकांना कसर लागली तर औषध मारायचं नाही. अक्का मऊ कुंचला घेऊन उन्हात बसणार, एकेक पान झटकणार आणि कसरीला म्हणणार, "जावा बाई, दुसरीकडं जावा." कपाटांतून वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवलेल्या. आणि प्रत्येक पुस्तकाच्या एकविसाव्या पानावर वाचनालयाचा छोटा शिक्का. पहिलं पान कुणी फाडलं तरी पुस्तकानं आपलं घर विसरू नये, एवढ्यासाठी.

माझं म्हणाल तर मी दिग्विजय जगदाळे. कुपवाडच्या एका कारखान्यात कम्प्युटर सांभाळतो. मला आकडा जुळला नाही की जेवण जात नाही. बायको म्हणते तुम्ही लग्नाच्या पंगतीतसुद्धा पानं मोजता, आणि ते खरं आहे. वाचनालयाचे अध्यक्ष आप्पासो यांनी मला धरलं ते ह्याच कारणानं. म्हणाले, "३१ मार्चला अक्का निवृत्त व्हायच्यात. त्याच्या आत समदं कम्प्युटरवर घालून दे. लायब्ररीसाठी काय तरी फुकटचं मिळतंय म्हणं."

मिळतं. त्याचं नाव कोहा. मी दर रविवारी गाडी काढून गावी जाऊ लागलो. अक्का कम्प्युटरला घाबरतील, रुसतील, अशी माझी खात्री होती. त्या घाबरल्या नाहीत. खुर्चीवर उशी ठेवून बसल्या आणि एका बोटानं टकटक करत सगळी पुस्तकं आणि सगळी देवघेव त्यांनी पाच महिन्यांत स्वतः आत घातली. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "हे दिलं कुणी आपल्याला?"

मी सांगितलं, न्यूझीलंडमधल्या एका छोट्या वाचनालयानं स्वतःसाठी बनवून घेतलं आणि मग जगाला मोकळं करून दिलं. कुणीही वापरा, आत पाहिजे तसा बदल करा.

"आणि कोहा म्हंजे?"

"तिथल्या माओरी लोकांचा शब्द आहे. भेट. पण घेणाऱ्यानंही आपल्याकडून काहीतरी द्यावं, अशी भेट."

"म्हंजे आहेर की रं!" अक्का खूश झाल्या. "मग आपला परतीचा आहेर काय? का नुसतं जेवून हात पुसून जायाचं?"

तो परतीचा आहेर त्यांना माझ्या एका गाढवपणामुळं सापडला. पडद्यावरचे काही इंग्रजी शब्द मराठी करायचे होते. मला कंटाळा आला आणि मी ते काम कम्प्युटरच्याच भाषांतरावर सोडलं. रविवारी जाऊन बघतो तर अक्का पदर तोंडाला लावून हसतायत. 'पेट्रन'चं झालं होतं 'आश्रयदाता' आणि उशीर झाल्यावर लागणाऱ्या 'फाईन'चं झालं होतं 'छान'. आमचा हरिबा गुरव महिनाभर पुस्तक घेऊन बसला होता. त्याच्या नावापुढं आलं, 'आश्रयदाता हरिबा, छान लागू'.

"हरिबाला त्याच्या घरात कोण आश्रय दीना," अक्का म्हणाल्या, "आणि हितं बघ कसा राजा झालाय."

मग त्यांनी वही केली. एकेक शब्द घेऊन त्याला गावातलं माणूस काय म्हणतं ते लिहिलं. 'आश्रयदाता' खोडून 'वाचक'. 'होल्ड'चं झालेलं 'धरा' खोडून 'माझ्यासाठी ठेवा'. मी ती यादी कोहाच्या मराठी शब्दांचं काम करणाऱ्या मंडळींकडं पाठवली. त्यातले सोळा शब्द त्यांना पसंत पडल्याचं कळलं तेव्हा अक्कांनी गल्लीत पेढे वाटले. सोळा शब्दांचे पेढे वाटलेले मी तरी पहिल्यांदाच बघितले.

पण गाडी अडली ती एका शब्दावर. पुस्तक मुदतीनंतर फार दिवस आलं नाही की त्याला 'हरवले' असा शेरा द्यायची सोय कोहात आहे. आप्पासोंनी बैठकीत ठराव करून टाकला, अक्का निवृत्त होताना जी पुस्तकं आलेली नसतील त्यांना 'हरवले' म्हणून टाका आणि नवी पाटी कोरी करा. मला तो ठराव शंभर टक्के पटला. अक्का मात्र उठून उभ्या राहिल्या. चौतीस वर्षांत त्या बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या.

"आप्पासो, माज्या हातनं त्यो शबूद लिवून घेऊ नका. मी जाताना एक बी पुस्तक हरवलं म्हणून जाणार न्हाई. मला ३१ तारखेपत्तुर वेळ द्या."

परतताना मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, अक्का, हा निव्वळ हट्ट आहे. नाही ते पुस्तक नाही. त्याला वाचनात म्हणून काय ते उडत येणार आहे?

त्या रस्त्यातच थांबल्या. म्हणाल्या, त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांनी दारात फळा लावला होता. पुस्तक न देणाऱ्यांची नावं, वर मोठं 'हरवले'. बनुबाई नावाच्या एका विधवेचं नाव त्यावर होतं. पुस्तक तिच्या भावकीत कुणीतरी नेलं होतं. फळा लागल्यापासून ती पाणी आणायला लांबच्या वाटेनं जायची, पण वाचनालयावरनं जायची नाही. अक्कांनी लागल्या दिवशी पहिलं काम केलं ते फळा पुसायचं.

"हरवलं म्हटलं की माणूस चोर हुतोय रं, दिगू. मग त्याला पुस्तक घावलं तरी त्यो आणायला लाजतोय. वाचनात म्हटलं की दार उघडं ऱ्हातंय. मग कवा बी येऊ दे."

मला पटलं नाही. पण मी भांडण तिथंच सोडलं, कारण अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला रस्त्यात तसलं काही झेपत नाही.

कोहातून वाचकांच्या मोबाइलवर आठवण पाठवता येते, तशी व्यवस्था मी करून दिली. मजकूरही तयार केला, 'आपणांकडील ग्रंथाची मुदत संपुष्टात आली असून तो तात्काळ जमा करावा.' अक्कांनी वाचला आणि म्हणाल्या, "ह्ये पोलिसांनी लिवल्यागत वाटतंय." त्यांनी स्वतः लिहिलेला असा:

'तुमच्याकडं आपल्या वाचनालयाचं पुस्तक हाय. वाचून झालं असंल तर घेऊन या. झालं नसंल तर सावकाश वाचा, पर एकदा तोंड दाखवून जावा. चंदनाक्का.'

नंबर मिळवले त्यांनीच. कोण कुणाच्या घरी दिली, कुणाचा मुलगा कुठं नोकरीला, सगळं तोंडपाठ. पहिल्या आठवड्यात चार पुस्तकं आली. मी म्हटलं, बघा, चार. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस आली आणि मी बोलायचं बंद केलं. वाईला दिलेल्या एका पोरीनं तीन पुस्तकं एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली, वर पोस्टकार्डावर, 'अक्का, मुलगी दहावीला आहे.' पाचगणीच्या शाळेत स्वयंपाकी असलेला एक जण पुस्तकाबरोबर स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला. अर्जुना माळी तर अर्धंच पुस्तक घेऊन आला. बाकीचं शेळीनं खाल्लं होतं. शेळी जाऊनही बारा वर्षं झाली होती. अक्कांनी ते अर्धं पुस्तक जमा करून घेतलं, त्याला चहा पाजला आणि शेवट तोंडी सांगितला, कारण त्याला तो कधी कळलाच नव्हता.

बनुबाईंची नातही येऊन गेली. तिच्याजवळ पुस्तक नव्हतं. नुसतं तोंड दाखवायला आले म्हणाली.

३० मार्चला दुपारी मी उरलेल्यांची यादी काढली. नऊ पुस्तकं. एकाच्याही पुढं मोबाइल नंबर नव्हता, कारण नऊही माणसं आता हयात नव्हती. अक्का खिडकीपाशी पुस्तकांवरची धूळ झटकत होत्या. मी यादी तारखेनं लावली. सगळ्यात जुनी नोंद वर आली.

'साळूबाई नामदेव जगदाळे. १८ जून १९९०. वाचनात.'

ती माझी आई.

मी दोनदा वाचलं. मग अक्कांना म्हटलं, काहीतरी चुकलंय, ही नोंद माझ्या आईच्या नावावर पडलीय. माझ्या आईला लिहा-वाचायला येत नव्हतं.

हे मला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं स्वतःचं नावही नसेल. आमचे अण्णा लष्करात, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. त्यांची पत्रं आईला वाचून दाखवायचं काम माझं. दुपारी पोस्टमन पत्र देऊन जाई आणि मी शाळेतून आलो की आई ते माझ्या हातात ठेवी. पत्र नेहमी फोडलेलं असे. "आत फोटो हाय का बगितला," म्हणायची. मी चुलीशी तिला टेकून बसायचो आणि मोठ्यानं वाचायचो. घरातला कर्ता पुरुष असल्यासारखं वाटायचं मला. सातवीत असताना त्या मोठेपणाचा मी एकदा फायदाही घेतला. दिवाळीच्या तोंडावर आलेल्या पत्रात, जनावरांची चौकशी संपल्यावर, मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं, 'दिगूला यंदा चांगली बॅट घेऊन दे.' आई म्हणाली, "त्येवढं परत वाच बरं." मी परत वाचलं. ह्या खेपेला हिंमत वाढली होती, म्हणून बॅटीबरोबर बॉलही घातला. आई खाली मान घालून चूल फुंकत राहिली. दिवाळीला बॅट आली, बॉल आला. बॅटीवर मी तापल्या खिळ्यानं 'दिगू १९९०' असं कोरलं. ती बॅट अजून माझ्या घरी आहे. आईला फसवल्याची टोचणीही आहे. आई नव्व्याण्णव साली गेली, मी पुण्यात होतो, आणि ते सांगायचं राहूनच गेलं.

अक्कांनी कुंचला खाली ठेवला. "नोंद चुकलेली न्हाई, दिगू. पुस्तक बघ जाऊन घरात. ठळक अक्षराचं हाय, कोल्ह्याच्या गोष्टीचं. एकविसावं पान उघड."

ते पुस्तक मला बघायची गरज नव्हती, ते मला पाठ होतं. आईच्या पश्चात तिच्या ट्रंकेत लुगड्याखाली सापडलेलं, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. मोठी अक्षरं, चित्रं, म्हणून मला वाटलं माझंच लहानपणचं असेल, आईनं जपून ठेवलं असेल. माझी मुलगी शिवांजली त्याच पुस्तकावर वाचायला शिकली. कोल्ह्याला तिनं खडूनं जांभळी मिशी काढलीय. संध्याकाळी कुपवाडला पोचल्या पोचल्या मी ते काढलं आणि एकविसावं पान उघडलं. कोपऱ्यात आमच्या वाचनालयाचा फिकट निळा शिक्का होता. तेवीस वर्षं पुस्तक माझ्या घरात होतं आणि मी अक्कांशी हरवलेल्या पुस्तकांवरून भांडत होतो.

३१ तारखेला रजा टाकून मी पुस्तक घेऊन गेलो. शिवांजलीलाही नेलं. आप्पासो आणि मंडळी चारला हार घेऊन येणार होती, त्याला अजून तासभर होता. अक्कांनी पुस्तक दोन्ही हातांत घेतलं आणि जुनं माणूस भेटल्यासारखं त्यावरून हात फिरवला.

"एकोणनव्वदच्या पावसाळ्यात पयल्यांदा आली तुजी आई," त्या म्हणाल्या. "दुपारी. हितं कोण नसायचं तवा. म्हणाली, अक्का, मालकांचं पत्र मला माजं मला वाचायचं हाय. मी लग्न करून नवी, मला बी गावात कोण न्हवतं. वरीसभर रोज यायची. मग ह्ये पुस्तक दिलं. ह्ये संपलं आन् श्रावणात तिनं पयलं पत्र हितं, ह्या बाकावर बसून वाचलं. सबंध. आन् मग लय रडली."

मी हिशेब घालत होतो. नव्वदचा श्रावण. दिवाळी त्याच्यानंतर येते.

"मग माझ्याकडून कशाला वाचून घ्यायची, अक्का?"

"मी पण त्येच म्हटलं. सांगून टाका की पोराला. तर म्हणाली, नको अक्का. पत्र आलं की त्यो खेळ सोडून घरला येतोय, मला टेकून बसतोय. मला वाचाय येतंय कळलं, तर बसंल व्हय?"

मी शिवांजलीकडं बघितलं. ती खिडकीत बसून दुसरंच काही वाचत होती. मला विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"अक्का, त्या सालचं दिवाळीचं पत्र..."

अक्का हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "त्ये तिनं दुपारीच मला वाचून दाखवल्यालं. त्यात म्हशीचं हुतं, वाटणीचं हुतं. दुसऱ्या दिवशी पळत आली. म्हणाली, अक्का, रात्रीत पत्रात बॅट उगवली! म्हटलं, मग? तर म्हणाली, मी परत वाचाय लावलं, तर बॉल बी आला. अजून एकदा लावलं असतं तर स्टंपं आली असती. म्हणून गप बसले."

तेहेतीस वर्षं मला वाटत होतं की मी तिला फसवलं. मी तिथं, त्या बाकावर बसून रडलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, समोर मुलगी. सांगायला लाज कसली. शिवांजली घाबरून जवळ आली आणि मला टेकून बसली.

अक्कांनी खण उघडला. मग पुस्तकावर त्यांनी स्वतःच्या हातानं नवी बारकोडची पट्टी चिकटवली, यंत्राखाली धरली, आणि पडद्यावर आईच्या नावापुढं तेहेतीस वर्षांनी 'जमा' असं आलं.

"आता घेऊन जा माघारी," त्या म्हणाल्या. "पोरीच्या नावावर घालते. परतीची तारीख कितीची घालू?"

मी म्हटलं, "तुमच्या मनाला येईल ती घाला."

राहिली आठ पुस्तकं. चार वाजायला दहा मिनिटं होती. मी खुर्चीवर बसलो, कोहाच्या यादीतला 'हरवले' हा शब्द शोधला आणि त्या जागी 'वाचनात' टाईप केलं. कोहात ती मुभा आहे, आत पाहिजे तसा बदल करा. मग आठही नोंदी एकेक करून घातल्या आणि कागद छापून अक्कांच्या सहीसाठी ठेवला. आप्पासो हार घेऊन आले, त्यांनी कागद वाचला आणि मान वर केली.

"दिग्विजय, हरवल्याली किती?"

"एकबी न्हाई, आप्पासो," मी म्हटलं. "वाचनात हायत."